बांध घालूनही शेतात पाणी का साचतं? त्रिभुज प्रदेशात या चुका टाळा

बांधाचं काम पाणी अडवणं एवढंच, असं धरून चाललं की त्रिभुज प्रदेशात पुढची सगळी गणितं चुकतात. तिथली जमीन मुळात गाळाची, आणि दरवर्षी नवा गाळ मिळाला तरच ती समुद्राच्या वर टिकते. पाणी अडवणारा बांध हा गाळही बाहेरच ठेवतो. बांगलादेशाच्या नैऋत्येला खुलना-जशोर-सातखीरा पट्ट्यातले लोक याची किंमत कित्येक दशकं मोजत आहेत.

तिथे जमीनदारीच्या काळात ‘अष्टमासी’ बांध असत. आठ महिने खारं पाणी अडवायचं, आणि पावसाळ्यात नदीला गोडं पाणी आलं की बांध मोकळा करून गाळ शेतात घ्यायचा. १९६०च्या दशकापासून मात्र किनारपट्टीवर कायमचे बांध उभे राहिले. चहूबाजूंनी बांध असलेल्या अशा क्षेत्राला पोल्डर म्हणतात. असे १३९ पोल्डर झाले. सुरुवातीला भात चांगला पिकला. पण शेतात जायचा तो गाळ नदीच्या पात्रात बसू लागला. पात्र वर आलं, आतली जमीन दबत गेली. १९८०च्या दशकात डाकातिया बीलमध्ये (बील म्हणजे खोलगट पाणथळ भाग) पावसाचं पाणी वर्षानुवर्षं निघेना.

आधी निदान, मग बांधाची उंची

पाणी साचलं की बांध उंच करण्याची मागणी होते. त्याआधी एक गोष्ट तपासा: पाणी बांधावरून आलं, की आतलं बाहेर गेलं नाही? पूर्ण ओहोटीला उघाडीच्या (बांधातून आतलं पाणी बाहेर सोडायच्या दाराच्या) बाहेर उभं राहून पाहा. पात्रातला गाळ उघाडीच्या तळापेक्षा वर आला असेल, तर बांध दुप्पट उंच केला तरी शेत बुडालेलंच राहील. नुसता गाळ उपसूनही भागत नाही. भरतीच्या पाण्याला पसरायला जागा नसेल, तर ओहोटीला परतणारं पाणी थोडं आणि त्याची ओढ कमी; उपसलेलं पात्र पुन्हा भरतं.

हे तिथल्या शेतकऱ्यांनी ओळखलं होतं. १९९० मध्ये त्यांनी डाकातियाचा बांध स्वतःच कापला आणि १९९७ मध्ये भायना बीलचा. भायनात भरती आत शिरली, गाळ बीलमध्ये बसून जमीन वर आली आणि ओहोटीच्या ओढीने हरी नदीचं पात्र खरवडून खोल झालं. पूरनियंत्रण आणि नदीचं पुनरुज्जीवन एकाच कामात साधलं, तेही गावकऱ्यांच्या अनुभवातून. पुढे सरकारी यंत्रणेनेही ही पद्धत स्वीकारली.

पण बांध कापून गप्प बसणं हीसुद्धा चूकच. गाळ कापलेल्या तोंडाजवळ भरपूर बसतो, लांबच्या टोकाला फार कमी. म्हणून बीलमध्ये आडबांध घालून भाग पाडावेत, आणि तोंडाजवळचा भाग भरण्याआधी टोकाकडच्या भागात गाळ पोहोचवावा.

बांध आपोआप फुटणं आणि ठरवून कापणं यांतला फरकही विसरू नका. २००९ च्या मे महिन्यात आयला चक्रीवादळात ३२ क्रमांकाच्या पोल्डरचे बांध फुटले. आतली जमीन बाहेरच्या सुंदरबनापेक्षा मीटरभर खाली होती. दुरुस्तीला जवळपास दोन वर्षं लागली. त्या काळात आत बराच गाळ बसला, पण माणसं बांधांवर झोपड्या करून राहत होती. असल्या आपत्तीला कुणी नैसर्गिक पुनर्भरण म्हणू नये.

बाहेरून दिसत नाहीत अशा चुका

कोळंबीच्या तलावांत खारं पाणी घ्यायला बांधातून पाइप घालतात. बांध नेमका तिथेच कमकुवत होतो. पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीत बांधाच्या उंचीआधी ही भोकं शोधा.

कांदळवन लावतानाही घाई नडते. दिवसातला बहुतेक वेळ पाण्याखाली असणाऱ्या चिखलात किंवा खचणाऱ्या काठावर रोपं तग धरत नाहीत. आधी भरती-ओहोटीचा मार्ग मोकळा करा, चिखलाची पातळी वर येऊ द्या. बिया बऱ्याचदा पाण्यासोबत स्वतःच येतात.

आपल्या कोकणातल्या खारबंदिस्तीला (खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधांना) यातलं काय लागू पडतं? निदानाची पद्धत नक्की पडते: उघाडी, पात्राची पातळी, उधाणाला बांधाला जाणारी खांड (पडणारं भगदाड). उपाय मात्र जसाच्या तसा आणू नये. गंगा-ब्रह्मपुत्रा आणतात तेवढा गाळ आपल्या खाड्यांत येत नाही. इथे बांध उघडला तर जमीन वर येण्याआधी वर्षानुवर्षं खारं पाणीच आत राहू शकतं.

सर्वांत महागात पडणारी चूक हिशेबाची आहे. बीलमध्ये गाळ भरत असताना तीन-चार वर्षं किंवा त्याहून जास्त काळ पीक घेता येत नाही. पूर्व खुकशिया बीलमध्ये अनेकांना कागदपत्रांच्या घोळात भरपाई मिळाली नाही. साहजिकच पुढच्या कपालिया बीलमध्ये, २०१२ मध्ये, कडवा विरोध झाला आणि काम थांबलं. गाळ पुन्हा पात्रात बसू लागला आणि जशोरमधल्या भवदहच्या परिसरात पाणी साचत राहिलं. म्हणून पिकाची भरपाई बांध कापण्यापूर्वी हातात पडली पाहिजे, आणि सातबाऱ्यासारखा कागद नसलेल्या, वाट्याने जमीन कसणाऱ्यांची नावंही त्या यादीत असली पाहिजेत.