रायगड एका दिवसात, कमी खर्चात: या चुका टाळा

एसटीने महाड, तिथून पाचाड, चित दरवाजाच्या वाटेने पायी वर, दुपारी पिठलं-भाकरी, संध्याकाळी परत. रायगड असा एका दिवसात आणि अगदी कमी पैशांत होतो. तरी दर शनिवार-रविवारी पायऱ्यांवर तीच दमलेली, वैतागलेली माणसं भेटतात. त्यांचे हाल पैसे वाचवल्यामुळे झालेले नसतात, वेळ वाचवायला गेल्यामुळे झालेले असतात. "एवढं आलोच आहोत तर दुपारनंतर दिवेआगर गाठू, जमलं तर हरिहरेश्वर" असा बेत घेऊन आलेल्या माणसाला रायगड नीट दिसणं शक्यच नाही. एक दिवस असेल तर रायगड आणि पायथ्याचं पाचाड, एवढंच. समुद्र पुन्हा कधीतरी.

उन्हं चढल्यावर चढायला लागणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त महागात पडते. पहाटे पाचऐवजी सातला निघायचं, वाटेत दोनदा मिसळ-चहाला थांबायचं आणि अकरा-साडेअकराला चित दरवाजाशी गाडी लावून "दोन तासांत वर" म्हणत सुटायचं. पायऱ्या दीड हजाराच्या आसपास आहेत. वाटेवर सावली तुरळक. मार्च ते मे या महिन्यांत कातळ असा तापतो की बसायला टेकलं तरी चटका बसतो.

एका एप्रिलमध्ये मी गड उतरत होतो. बारा वाजून गेलेले. महादरवाजाच्या खालच्या टप्प्यावर पाच पोरं भेटली. बाईकवरून आलेली, कॉलेजची. त्यांतला एक पायरीवर बसला होता. पोटऱ्यांत गोळे आलेले, चेहरा पांढरा, ओठ सुकलेले. पाचांत मिळून पाण्याची एक बाटली आणि एक कोल्ड्रिंकची, दोन्ही संपलेल्या. बाकीचे त्याचा हात धरून ओढत होते, "चल ना, आलंच आता." मला विचारलं, "काका, अजून किती आहे?" मी म्हटलं, "याच्यासाठी आजचा गड संपला, आता खाली चला." ते त्यांना पटेना. एवढ्या लांबून आलो, पेट्रोल जाळलं, ते फुकट घालवायचं का, असा त्यांचा हिशेब.

शेवटी ताक विकणाऱ्या एका मावशींनी पोराला आपल्या ताडपत्रीखाली आडवं केलं, लिंबू पिळून मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. तो उठायला बघत होता तर म्हणाल्या, "पड बाळा गप. गड कुठं पळून जातोय?" तिघं त्याच्याजवळ थांबले. एकटा वर पळत गेला आणि थोड्या वेळात फोटो काढून परत आला. त्यानंतर त्या आजारी पोराला दोनदा उलटी झाली. ऊन कलल्यावर आम्ही त्याला आधार देत खाली आणलं. महाडला दवाखान्यात न्यायला गाडी करावी लागली, सलाइन लावावं लागलं. स्वस्तात स्वस्त म्हणून केलेल्या सहलीचा खर्च तिथेच दुपटीवर गेला. मावशींनी मात्र एक पैसा घेतला नाही. तो पैसा त्यांना मिळायला हवा होता, म्हणून हे सांगतो: पायऱ्यांवर ताक, सरबत विकणारी माणसं पायथ्याच्या वाड्यावस्त्यांतली आहेत, सगळं ओझं डोक्यावरून वर आणतात. तिथे घासाघीस करू नका.

माझी सवय सांगतो. उजाडताना पहिली पायरी. त्यासाठी रात्रीची एसटी पकडून पहाटे महाडला उतरायचं किंवा आदल्या संध्याकाळीच पाचाडला मुक्कामाला जायचं. पाचाडला घरगुती राहायची सोय होते आणि ती हॉटेलपेक्षा बरीच स्वस्त पडते. माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, टोपी. उन्हाळ्यात दहाच्या आत गडावरच्या होळीच्या माळावर पोचता येत नसेल तर मी त्या दिवशी निघतच नाही. मुंबईकडच्यांसाठी एक सूचना. दिव्याहून सकाळची पॅसेंजर पकडून वीर स्टेशनला उतरायचा बेत स्वस्त आहे, पण तिथून महाड, मग पाचाड करेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. थंडीत चालेल. एप्रिल-मेमध्ये नको.

रोपवेवर सगळा दिवस टांगून ठेवणं

रोपवे 1996 पासून आहे. चार-पाच मिनिटांत वर नेतो. म्हातारी माणसं, लहान मुलं, गुडघेदुखीवाले यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे आणि त्यांनी ती जरूर वापरावी. माझी तक्रार पायांनी धडधाकट असून "कशाला दमायचं" म्हणणाऱ्यांबद्दल आहे. एक तर एसटीने आलेल्या माणसाच्या दिवसभराच्या खर्चात रोपवेचं तिकीट हाच मोठा आकडा असतो. सुट्टीच्या दिवशी रांगेत तासन् तास जाऊ शकतात. वारा वाढला की पाळणा थांबवतात आणि ते योग्यच आहे. पण "शेवटच्या पाळण्याने उतरू" एवढ्याच भरवशावर असलेल्याची मग तारांबळ उडते.

याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. रोपवेने गेलात तर मेणा दरवाजाच्या बाजूने थेट राणीवशात शिरता. घरात मागच्या दाराने शिरल्यासारखं होतं. महादरवाजा राहूनच जातो, आणि महादरवाजा पाहिला नाही तर हा गड राजधानीला का निवडला ते कळत नाही. वाट चढत येते, समोर बुरूज दिसतात, दरवाजा दिसत नाही. अगदी जवळ जाऊन वळेपर्यंत तो दोन बुरुजांच्या कुशीत लपलेला असतो. एक बुरूज 75 फुटांचा, दुसरा 65 फुटांचा. तटाला जंग्या, म्हणजे आतून मारा करायची तिरकी भोकं. धापा टाकत त्या वळणावर उभं राहिलं की शत्रूची काय गत होत असेल हे अंगाला कळतं. राज्याभिषेकासाठी 1674 मध्ये आलेला इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, हेन्री ऑक्झिंडेन याला वर हत्ती दिसले आणि एवढ्या बिकट वाटेने हे वर आणले कसे, असा प्रश्न पडला. पायी चढून आलेल्या कुणालाही तो पडतो.

पैसे आणि गुडघे दोन्ही सांभाळायचे तर चढताना पायी, उतरताना रोपवे. उतरणं गुडघ्यांना जास्त जाचतं. एका बाजूचं तिकीट त्या दिवशी मिळेल का, शेवटचा पाळणा किती वाजता, हे निघण्याआधी फोन करून विचारा.

"वर काहीच नाही, नुसते दगड"

हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं. राजसदरेवर फोटो, शिवरायांच्या समाधीपाशी फोटो, पाऊण तासात गड उरकला आणि उतरताना हे वाक्य. भव्य महाल बघायच्या अपेक्षेने आलेल्यांना जोती दिसतात आणि त्यांची निराशा होते. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं की जोत्यावरचं बांधकाम बहुतांशी लाकडी होतं आणि ते जळालं. मे 1818 मध्ये इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, गडावर आग भडकली आणि 10 मे रोजी गड त्यांच्या ताब्यात गेला. तुम्ही बघता ते त्या आगीतून उरलेलं आहे. वर उभं राहून पोटल्याचा डोंगर कुठला ते आधी विचारून घ्या. मग त्या दगडांकडे बघा.

घाई सोडली तर हे दगड खूप सांगतात. राणीवशात महालांना जोडून दगडी शौचकूप आहेत, पाणी वाहून जायची सोय केलेली आहे. बाजारपेठेत समोरासमोर दोन रांगा, प्रत्येकी 22 दुकानांच्या, मधला रस्ता 40 फूट रुंद. राजसदर 220 फूट लांब. नगारखान्याच्या दारात कुणी कागद फाडला तर सिंहासनाच्या जागेपाशी ऐकू येतो. पण आजूबाजूला ब्लूटूथ स्पीकरवर गाणी वाजत असतील तर काय ऐकू येणार? स्पीकर घरी ठेवा. गडावर आवाज करायचाच असेल तर नगारखान्याशी जाऊन हळू बोला आणि मित्राला सदरेवर उभं करा.

जगदीश्वराच्या मंदिरात तर लोक पायरी ओलांडून सरळ आत जातात. त्या पायरीवर अक्षरं आहेत: "सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर". ज्याने ही राजधानी उभी केली त्याने आपलं नाव देवाच्या पायरीवर कोरलं. तिथे वाकून ते वाचायला अर्धं मिनिट लागतं. मी बरोबरच्या प्रत्येकाला ते वाचायला लावतो, लहान मुलांना बोट फिरवून.

उपाय सोपा आहे. वर निदान चार तास ठेवा. स्थानिक गाईड घ्या. इथे पैसे वाचवू नका. दोन-तीन कुटुंबांनी मिळून घेतला तर माणशी फार पडत नाही. गाईड दंतकथाही सांगतो, त्या आनंदाने ऐका, पण फक्त त्याच लक्षात ठेवून परतू नका. माझा क्रम ठरलेला आहे: हत्ती तलाव, गंगासागर, मनोरे, पालखी दरवाजातून राणीवसा, राजसदर, नगारखाना, होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वर, समाधी. जेवण. मग टकमक टोक. वर पोचल्या पोचल्या टकमक टोकाकडे धावणाऱ्यांचा दम तिथेच संपतो आणि जगदीश्वर राहून जातो.

थोडक्यात सांगण्यासारख्या

टकमक टोकावर आणि हिरकणी बुरुजावर वारा माणसाला हलवतो. कठड्यावर चढून सेल्फी नको, एवढंच.

चपला, गुळगुळीत तळाचे बूट, नवेकोरे बूट, तिन्ही नको.

पावसाळ्यात "धबधब्यातून चढू" म्हणून येणाऱ्यांनी जुलै 2024 आठवावा. पायऱ्यांवरून लोंढे आले, पर्यटक अडकले आणि प्रशासनाला पायवाट बंद करावी लागली. जोराच्या पावसाचा इशारा असेल तर जाऊ नका. बंदी असताना बाजूने वाट काढणारे आपल्याबरोबर त्यांना शोधायला येणाऱ्यांचाही जीव धोक्यात घालतात.

6 जूनला राज्याभिषेक सोहळा असतो. तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, तेव्हाही असतो. सोहळ्यासाठी जायचं असेल तर अवश्य जा, तो अनुभव वेगळाच. पण गड बघायला तो दिवस निवडू नका. गाड्या बऱ्याच अलीकडे थांबवतात आणि वर पाय ठेवायला जागा नसते.

ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. पुरातत्त्व खात्याचं प्रवेश तिकीट पन्नास रुपयांच्या आतलं आहे, 15 वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. ते चुकवायच्या वाटा शोधू नका.

नुसत्या फोनवर विसंबू नका. रेंज जाते, मग ताकाचे पैसेही देता येत नाहीत. सुट्टे पैसे ठेवा. जेवण वरच्या घरांत चढून आल्या आल्या सांगून ठेवा, भाकऱ्या तुमच्यासाठी ताज्या भाजल्या जातात. ऐन दुपारी जाऊन "लगेच द्या" म्हणायचं, मग उशीर झाला म्हणून चिडायचं, हे बरं नव्हे. रिकाम्या बाटल्या पाठीवरच्या पिशवीत परत आणा.

पाचाड गाळणं आणि परतीची गाडी गृहीत धरणं

पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. लेकाचा राज्याभिषेक 6 जून 1674 रोजी पाहिला आणि 17 जूनला त्या गेल्या. वाटेवरच आहे, पैसे लागत नाहीत, तरी बहुतेक गाड्या न थांबता जातात. त्यांच्या वाड्याचे अवशेषही जवळच आहेत. दोन्हींना मिळून तासभर द्या.

एसटीचं म्हणाल तर महिलांना अर्धं तिकीट, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, 75 च्या पुढे मोफत. आईवडील आणि बायको बरोबर असताना, हा हिशेब न करता खासगी गाडी ठरवणारे पुष्कळ आहेत. पण पाचाडहून महाडला जाणाऱ्या गाड्या मोजक्याच. सकाळी उतरताना कंडक्टरलाच शेवटची गाडी किती वाजता ते विचारा आणि तिच्या आधीची गाडी आपली धरा. ती चुकली तर शेवटची असते. शेवटची चुकली तर मिनिडोर किंवा रिक्षा मिळेपर्यंत रस्त्यावर उभं राहायचं आणि मागेल तेवढे द्यायचे. मी समाधीपासून परतायला दुपारी तीनलाच सुरुवात करतो. कुणी "अजून अर्धा तास" म्हणालं तरी थांबत नाही.