सार्लाच्या बाजाराला जाताय? मग या चुका टाळा

उन्हाळा लागला की आमच्या बोर्दोच्या घरी फोन सुरू होतात. कुणी पॅरिसला आलेलं असतं, कुणी लंडनहून सुट्टीवर निघालेलं. सगळ्यांनी नैऋत्य फ्रान्समधल्या सार्ला गावाचे फोटो पाहिलेले असतात: पिवळसर दगडाची घरं, उतरती छपरं आणि खाली चौकभर मांडलेला बाजार. मी सांगते ते सगळे ऐकून घेतात आणि शेवटी करायचं तेच करतात. म्हणून आता एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी नुसतं पाठवून देईन.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुपारी पोचणं. दोर्दोन्य भागातलं सार्ला हे जेमतेम नऊ हजार वस्तीचं गाव. बाजार बुधवारी सकाळी आणि शनिवारी. शनिवारी तो दिवसभर असतो असं सगळीकडे छापलेलं असतं. खरंही आहे, पण दिवसभर असतात ते कपडे, पट्टे आणि पिशव्या. ज्यासाठी एवढ्या लांब यायचं ते चीज, अक्रोड, मध, स्ट्रॉबेरी, बदकाचे नाना प्रकार, हे सगळं दुपारी साडेबारा-एकपर्यंत आवरलेलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात एका मैत्रिणीचा भाऊ आणि वहिनी पॅरिसहून "एका दिवसात करून येतो" म्हणाले. पॅरिस ते बोर्दो जलद गाडीने दोन तासांच्या थोडं वर, तिथून सार्लाची लोकल गाडी जवळजवळ पावणेतीन तास, आणि स्टेशन गावाच्या बाहेर, म्हणजे पुढे पायपीट. रात्री आमच्याकडे राहा, शुक्रवारी संध्याकाळीच तिकडे जाऊ, असं मी सुचवलं होतं. पण त्यांच्या एक्सेल शीटमध्ये शुक्रवारी रात्री आयफेल टॉवर होता. दीडच्या सुमाराला ते चौकात पोचले तेव्हा विक्रेते रिकामी खोकी व्हॅनमध्ये भरत होते. मग जेवायला जागा शोधली. तीन ठिकाणी गर्दी, चौथ्या ठिकाणी पोचेपर्यंत दोन वाजून गेलेले, आणि स्वयंपाकघर बंद. फ्रान्सच्या लहान गावात दोननंतर "काहीतरी गरम" मिळेल ही आशा सोडा, संध्याकाळी सातपर्यंत नाही. शेवटी त्यांनी बाकावर बसून बिस्किटं खाल्ली, एक चामड्याचा पट्टा घेतला आणि परतीच्या गाडीतून मला मेसेज केला: गाव ओव्हररेटेड आहे.

गाव नव्हे हो, तुमचं वेळापत्रक!

मी आदल्या रात्रीच जाऊन राहते. साडेआठला ला लिबर्ते चौकात उतरायचं, पर्यटकांच्या बस यायच्या आत खरेदी आटपायची, बाराच्या ठोक्याला जेवणाचं टेबल धरायचं. एकोणिसाव्या शतकात गावाच्या मधोमध एक सरळ रस्ता काढला, त्याच्या पूर्वेला सगळी गर्दी असते. जेवणानंतर मी त्या रस्त्याच्या पश्चिमेला शिरते. तिथल्या चढाच्या बोळांत भर ऑगस्टमध्येही माणूस तुरळक. ही जुनी घरं आज इतकी धड दिसतात ती १९६२ च्या मालरो कायद्यामुळे. एखादीच इमारत न वाचवता अख्खी जुनी वस्ती वाचवायची, असा तो कायदा, आणि त्याखाली सुरुवातीला हाती घेतलेल्या गावांत सार्ला होतं. घाईने आलेल्यांना हे दिसत नाही, कारण ते तीन ब्राँझच्या हंसांच्या पुतळ्यापाशी सेल्फीच्या रांगेत असतात.

दुसरी चूक शाकाहारी लोकांची, आणि ती मला फार लागते. माझी मावशी पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मी गाडी लावायला जागा शोधत होते, तोवर मावसभावाने मोबाइलवरच्या अ‍ॅपने मेन्यू वाचून तिच्यासाठी "बटाटे, लसूण, पार्स्ली" मागवलं. मी पोचले तेव्हा ताट समोर आलेलं: सोनेरी, कडेने कुरकुरीत, आपल्या बटाट्याच्या काचऱ्यांसारखे काप. मावशीने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "अगं, हे तूप आहे का? वास निराळाच येतोय." ती बदकाची चरबी होती. पॉम सार्लादेझ म्हणतात ते हेच, आणि ते तसेच करतात, त्याशिवाय ते होतच नाहीत. वाढणाऱ्याला शाकाहारी असल्याचं सांगितलं होतं. त्याच्या दृष्टीने ताटात मांस नव्हतं, विषय संपला. मावशी दिवसभर काही बोलली नाही. भाऊ मात्र "अ‍ॅपमध्ये नव्हतं" हे संध्याकाळपर्यंत सांगत होता.

या भागात बदक आणि हंसाची चरबी म्हणजे घरचं तेल. लसणाचं साधं सूप त्यात सुरू होतं, मशरूमचं ऑम्लेट त्यात परततात, आणि सॅलडवर बदकाच्या जठराचे तुकडे पडतात. मी पर्समध्ये फ्रेंचमध्ये लिहिलेली चिठ्ठी ठेवते: मांस नको, मासे नकोत, बदक-हंसाची चरबीही नको. ऑर्डर देण्याआधी ती दाखवते. खरं सांगायचं तर मावशीसारख्यांना मी हॉटेलात नेतच नाही. बाजारातून पाव, अक्रोड, खरबूज, अक्रोडाचा केक घ्या (अंडं चालत असेल तर) आणि बाकावर बसून खा. काबेकू नावाचं शेळीच्या दुधाचं छोटं चीजही छान, पण ते बहुधा प्राण्यांच्या रेनेटने (जनावराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने) विरजतात, तेव्हा कडक शाकाहारी असाल तर आधी विचारा.

बाकीच्या चुका एकेका ओळीत.

फळं स्वतः दाबून पाहू नका. विक्रेता विचारतो, खरबूज आज खायचं की उद्या? सांगा आणि त्याच्यावर सोडा. तो बरोबर देतो.

"बोंजूर" न म्हणता थेट किंमत विचारली की चेहरा बदलतो. तो फ्रेंच खडूसपणा नाही. तुम्ही दारात शिरून नमस्कार न करता चहा मागितलात.

घासाघीस नको.

उन्हाळ्यात ताजा काळा ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी) शोधू नका. त्याचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. जुलैत "ट्रफल तेल" म्हणून खपतो तो बहुतेक वेळा प्रयोगशाळेतला वास असतो.

भारतात न्यायला फ्वा ग्राचे (बदक-हंसाच्या यकृताचे) डबे घेऊ नका, २०१४ पासून त्याच्या आयातीवर बंदी आहे.

सेंत-मारीच्या जुन्या चर्चमध्ये आता मंडई आहे. याच गावात वाढलेल्या ज्याँ नूवेल या वास्तुविशारदाने तिला बसवलेले पोलादी दरवाजे प्रचंड उंच आहेत. लोक दरवाज्याचा फोटो काढून पुढे जातात. आत जा हो, बाजाराचा दिवस चुकला तरी हंगामात इथे सकाळी काहीतरी मिळतं.

त्याच दिवशी लास्कोची आदिमानवाच्या चित्रांची गुहा उरकायचं मनात आणू नका. मूळ गुहा १९६३ पासून बंद आहे, आणि माँतिन्याकची २०१६ साली उघडलेली प्रतिकृती पाहायला अर्धा दिवस आणि आधी काढलेलं तिकीट लागतं.

गाडीने येत असाल तर बाजाराच्या दिवशी मध्यवर्ती भागात शिरूच नका, रस्ते बंद असतात. बाहेरच्या पार्किंगला गाडी नऊच्या आत लावा. आणि खेड्यांतून येताना उजवीकडच्या गल्लीतून निघणाऱ्या गाडीला, पाटी नसली तरी, आधी जाऊ द्या. तिचाच हक्क असतो, आणि तिथले आजोबा तो मान वळवूनही न बघता बजावतात.