नाव शेवटी वाचा: जुन्या अमेरिकन दुनळ्या ओळखायला शिकताना

गावी आजोबांची परवान्याची बारा बोर दुनळी खुंटीला टांगलेली असायची. तिला हात लावला की पाठीत धपाटा. बंदुकीशी माझा संबंध एवढाच. पुढे नोकरीसाठी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला आलो आणि शनिवारी एका म्हाताऱ्या बंदूक-कारागिराकडे जाऊन बसायला लागलो. पहिल्याच दिवशी त्याने टेबलावर तीन दुनळ्या मांडल्या, तिन्हींच्या नावांवर कागदी टेप चिकटवली आणि म्हणाला, ‘‘आता ओळख.’’

मी नक्षी बघत बसलो. कुत्रे, बदकं, वेलबुट्टी. तिथेच चुकलो. नक्षी सगळ्यात शेवटी बघायची. आधी बंदूक उघडायची आणि आत काडतूस नाही याची खात्री करायची, मालकाने शपथेवर सांगितलं तरी. मग घोडे (काडतुसावर आपटणारे हातोडे, बोटाने दाबायचा चाप नव्हे) बाहेर आहेत की आत ते बघायचं, आणि त्यानंतर बाजूचं पोलाद.

बाजूला लांबट पट्टी असेल आणि घोडा, स्प्रिंग सगळं तिच्याच आतल्या अंगाला बसवलेलं असेल, तर ती बहुधा एल. सी. स्मिथ कंपनीची. पट्टीसाठी दस्त्याचं लाकूड इतकं कोरलेलं असतं की पट्टीच्या मागे ते हमखास तडकतं. तिथे अंगठ्याचं नख हळूच फिरवायचं. केसाएवढी रेघ डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते. पण पट्टी दिसली म्हणून लगेच ‘स्मिथ’ म्हणू नका, लिफेव्हर कंपनीच्या बंदुकीलाही पट्टी असते. फक्त बऱ्याच लिफेव्हरमध्ये घोडे पट्टीवर नाही, मधल्या सांगाड्यात असतात. तिची खरी खूण बिजागरीत आहे: पुढे मोठ्या स्क्रूचा गोल गोळा. बंदूक वापरून ढिली झाली की तो स्क्रू पिळून झीज भरून काढायची. डॅन लिफेव्हरची ही युक्ती पाहून माझ्यातला मेकॅनिकल इंजिनिअर खूश झाला.

बाजूला पट्टी नसेल तर पार्कर, फॉक्स किंवा इथाका या कंपन्यांपैकी एखादीची असू शकते. पार्करचा खटका (मिटलेली बंदूक धरून ठेवणारी कडी) नळ्यांना खालून धरतो. फॉक्सचा वरून, दोन नळ्यांना जोडणाऱ्या वरच्या चिंचोळ्या पट्टीच्या मागे आलेल्या जिभेला, फिरून आवळतो. स्मिथचाही तसाच. म्हणून या दोघींत बंदूक मिटल्यावर ती उघडायची वरची कळ कुठे थांबते ते बघा. मध्यापासून थोडी उजवीकडे राहिली तर उत्तम, मध्य ओलांडून डावीकडे गेली तर झीज बरीच झाली आहे.

बंदुकांच्या दर्जांची (ग्रेडची) तुलना करताना सगळे नवशिके एका जागी आपटतात. पार्करमध्ये ‘ए’ म्हणजे जवळजवळ शिखर, त्यावर फक्त ‘एए’ आणि ‘ए-१ स्पेशल’. ‘व्ही’ खालच्या पायरीवर, आणि त्याखाली साधी ट्रोजन. फॉक्समध्ये नेमकं उलटं. तिथे ‘ए’ तळाशी आणि ‘एफ’ वर. १९०९ च्या आफ्रिका मोहिमेत थिओडोर रूझवेल्टने नेलेली फॉक्स ‘एफ’ दर्जाची होती. स्मिथमध्ये सुरुवातीला आकडे होते, ‘००’ पासून चढते. १९१३ मध्ये त्यांची नावं झाली: फील्ड, आयडियल वगैरे. ‘ए ग्रेड आहे’ एवढ्यावर भाव ठरवू नका, आधी विचारा कुणाची.

माझी फजिती नळ्यांवर झाली. देखणी स्मिथ, लाकूड अक्रोडाचं, रंग टिकलेला, घेऊन टाकली. म्हाताऱ्याने तोंडाकडून एकदा पाहिली आणि खाली ठेवली. दोन नळ्या टोकाला एकमेकींना टेकलेल्या हव्यात. माझ्या बंदुकीत मध्ये फट होती, कथील ओतून बुजवलेली. म्हणजे कुणीतरी नळ्या कापल्या होत्या. आतल्या चोकचं, म्हणजे तोंडाशी किंचित निमुळत्या केलेल्या भागाचं, पाणी तिथेच गेलं, आणि किमतीचंही.

डमास्कस नळीची (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, जोडून केलेल्या नळीची) नक्षी बघून भुलू नका. त्यातल्या बहुतेक नळ्या बेल्जियमहून आलेल्या, काळ्या दारूच्या जमान्यातल्या. शिवाय जुन्या बारा बोरमध्ये काडतुसाची जागा बऱ्याचदा पावणेतीन इंचांपेक्षा आखूड असते. नवं काडतूस आत सहज बसतं, पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. अशी बंदूक जाणकाराने मोजल्याशिवाय चालवायची नाही.

आणि आकडे. सांगाडा, नळ्या आणि पुढच्या लाकडाखालचं लोखंड, तिन्हींवर एकच क्रमांक हवा.

हे शिकायला सिरॅक्यूज म्हणजे पंढरीच. लिफेव्हर इथलीच. स्मिथही आधी इथली, नंतर हंटर कुटुंबाने ती जवळच्या फुल्टनला नेली. (स्मिथसाहेब टाइपरायटरच्या धंद्यात गेले!) इथाका दक्षिणेला तासाभरावर. फिलाडेल्फियाची फॉक्स १९२९ मध्ये सॅव्हेजने विकत घेऊन युटिकाला आणली. कनेक्टिकटमधल्या मेरिडनची पार्कर १९३४ मध्ये रेमिंग्टनकडे गेली आणि पुढे इलियनला, म्हणजे याच भागात, आली.

एक गोष्ट आपल्या मंडळींसाठी. मी हे सगळं ग्रीन कार्ड मिळाल्यावर केलं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद लागू होत नसेल तोवर बंदूक जवळ बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका त्या कायद्यात ‘अँटिक’ म्हणून वेगळ्या धरल्या जातात, पण राज्याचे नियम निराळे असतात. आधी वकिलाला विचारा, मग हात लावा.