‘समथिंग वेंट राँग’ आलं की आधी काय बघायचं

लातूरच्या एमआयडीसीत एका दालमिलच्या ऑफिसात मी सोळा वर्षं हिशोब बघते. तुरीची आवक, डाळीचा उतारा, चुनीची विक्री, हमाली, जीएसटी, सगळं माझ्याच टेबलावरून जातं. गेल्या वर्षी शेठच्या पुतण्यानं एक्सेलमध्ये कोपायलट (मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस) सुरू करून दिलं आणि तो पुण्याला निघून गेला. तेव्हापासून ते अडलं की निस्तरायचं मीच. शेठ खुर्चीमागं येऊन उभे राहतात. "मॅडम, काय म्हणायलंय ते?" पडद्यावर असतं ‘समथिंग वेंट राँग’. काहीतरी बिघडलंय. एवढं तर आम्हालाही दिसायलंय.

हा संदेश कशानंही येतो, म्हणून त्याच्या शब्दांत कारण शोधत बसू नका. एकदा पुन्हा विचारून बघा, दहादा नको. मग तीच फाइल ब्राउझरमध्ये, म्हणजे एक्सेलच्या वेब आवृत्तीत उघडा आणि तोच प्रश्न विचारा. तिथं चाललं तर खोट तुमच्या मशीनवरच्या एक्सेलमध्ये आहे: सगळं बंद करून अपडेट टाका, एक्सेलमधून साइन आउट होऊन परत साइन इन करा. तिथंही नाही चाललं, तर खातं, ती फाइल किंवा खुद्द सेवा यांतलं काहीतरी. सेवा बंद असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिस स्टेटस पानावर कळतं. मग आपण चहा घ्यायचा, दुसरा इलाज नाही.

खात्याचा घोळ आमच्याकडं पहिल्याच आठवड्यात झाला. घरगुती प्लॅनमध्ये कोपायलट जानेवारी २०२५ मध्ये आलं. शेठच्या घरी फॅमिली प्लॅन होता, त्यात माझाही ईमेल घातला. वर्ड चाललं, एक्सेल चाललं, कोपायलटचं बटण मात्र माझ्याकडं दिसेचना. मी दोन दिवस सेटिंग धुंडाळत बसले. नियम साधा होता: फॅमिली प्लॅन सहा जणांत वाटता येतो, पण कोपायलट फक्त ज्याच्या नावावर वर्गणी आहे त्यालाच मिळतं. तेव्हा बटणच नसेल, तर वर उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर क्लिक करून कोणत्या नावानं आत आहात ते बघा. नाव बरोबर असून बटण नसेल, तर ‘फाइल’, मग ‘अकाउंट’, तिथं ‘अपडेट लायसन्स’ करा आणि एक्सेल बंद करून उघडा. त्याच पानावर ‘अकाउंट प्रायव्हसी’खाली ‘मॅनेज सेटिंग्ज’ आहे. कुणी हुशारीनं तिथले ‘कनेक्टेड एक्सपिरियन्सेस’ बंद केले असतील तर कोपायलट चालत नाही. आणि ‘ऑप्शन्स’मध्ये ‘कोपायलट’ नावाचा भाग दिसत असेल, तर तिथली ‘एनेबल कोपायलट’ची खूण गेलेली नाही ना, तेही बघा. ऑफिस २०१६ किंवा २०१९ असं एकदाच विकत घेतलेलं असेल तर शोधूच नका, त्यात कोपायलट नाही.

बटण दिसतंय पण राखाडी आहे, दाबलं जात नाही? मग बहुतेक फाइल डी ड्राइव्हवर आहे. आमच्या मशीनवर तरी फाइल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात, असल्याशिवाय आणि डाव्या कोपऱ्यातला ‘ऑटोसेव्ह’ चालू असल्याशिवाय ते हलत नव्हतं. तो खटका चालू करायला गेलात की फाइल वर चढवायची का म्हणून तेच विचारतं. तरीही होत नसेल तर फाइलच्या नावापुढं ‘कंपॅटिबिलिटी मोड’ लिहिलंय का बघा. जुनी एक्सएलएस फाइल असते ती, ६५,५३६ ओळींच्या काळातली. ‘सेव्ह अ‍ॅज’ करून एक्सएलएसएक्स करा. पासवर्ड लावलेल्या फाइलवरही ऑटोसेव्ह चालत नाही. आमचं पगारपत्रक तसं आहे, आणि त्याचा पासवर्ड मी काढत नाही. नावं आणि बँकेचे रकाने वगळून वेगळी प्रत करते, जे विचारायचं ते त्या प्रतीला.

आता जिथं माझा सगळ्यात जास्त वेळ गेला ते सांगते. फाइल बरोबर जागी आहे, बटण चालतंय, आणि तरी उत्तर येतं की या डेटामध्ये मला आकडे सापडत नाहीत. मला आधी अपमानच वाटला. सोळा वर्षांचे आकडे आहेत आणि सापडत नाहीत!

आपली शीट कशी असते ते आठवा. पहिल्या ओळीत सात रकाने जोडून मधोमध ‘॥ श्री ॥’. दुसरीत मिलचं नाव. तिसरीत महिना. चौथीत मथळे, त्यातही ‘आवक’ हा मोठा रकाना आणि त्याखाली ‘कट्टे’ आणि ‘वजन’ असे दोन पोटरकाने, तेही मर्ज केलेले. माणसाला हे लगेच कळतं. कोपायलट मात्र पहिल्या ओळीत रकान्यांची नावं शोधतं आणि त्याला एकच नाव सापडतं, श्री. पण म्हणून काही श्री काढायचा नाही, आमच्याकडं तर कुणी काढूही देणार नाही. श्री आणि मिलचं नाव वर राहू द्या, खाली एक ओळ मोकळी सोडा. त्याखाली मथळ्यांची एकच ओळ करा: ‘आवक कट्टे’, ‘आवक वजन’, प्रत्येकाचं नाव वेगळं, मर्ज काही नाही. मथळ्यांपासून शेवटच्या नोंदीपर्यंत निवडा, कंट्रोल-टी दाबा, ‘माय टेबल हॅज हेडर्स’वर खूण ठेवून ओके करा. महिन्याची बेरीज या तक्त्यात घेऊ नका, नाहीतर तीही एक आवक म्हणून मोजली जाते.

दुसरी सवय त्याहून वाईट, आणि ती माझीच होती. मी खणात, म्हणजे सेलमध्ये, ‘५० कट्टे’ असं लिहीत असे. शब्द आला की एक्सेलसाठी तो आकडा राहत नाही, मजकूर होतो, आणि बेरीज शून्य येते. ओळखायचं सोपं आहे: आकडा खणात उजवीकडं टेकलेला असतो, मजकूर डावीकडं. कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसला तर त्यावरच्या ‘कन्व्हर्ट टू नंबर’नं काम होतं. शब्द काढायला मथळा सोडून त्याखालचे खण निवडा आणि कंट्रोल-एच दाबा, वरच्या चौकटीत आधी एक स्पेस आणि मग ‘कट्टे’, खालची चौकट रिकामी, आणि ‘रिप्लेस ऑल’. तारखांचंही तेच. विंडोजमध्ये अमेरिकन पद्धत लावलेली असेल तर ५ जूनची गाडी ६ मेला लागते, आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा तर मजकूरच होऊन बसतात. हे वाईट, कारण यात संदेशच येत नाही. उत्तर येतं, चुकीचं. तुरीचा उतारा शंभराला सत्तर-बहात्तर यायला पाहिजे आणि पडद्यावर एक्केचाळीस दिसला, म्हणून माझ्या लक्षात आलं.

मराठी पत्रांचा त्रास वर्डमध्ये. हमाल मंडळीशी झालेल्या करारांचा एक जुना गठ्ठा आमच्याकडं आहे, श्रीलिपी आणि कृतिदेवमध्ये टाइप केलेला. त्याचा गोषवारा मागितला तर कोपायलट म्हणतं मजकूर वाचता येत नाही, किंवा भलतंच काही सांगतं. चूक त्याची नाही. हे फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेला मराठी अंगरखा. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ दिसतं तेव्हा फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढीच अक्षरं असतात. डोळ्यांना मराठी, मशीनला ती पाच अक्षरं. तपासायला एक ओळ निवडा आणि फॉन्ट बदलून एरियल करा. मराठी तशीच राहिली तर युनिकोड आहे, म्हणजे मशीनलाही मराठी म्हणूनच कळणारी अक्षरं, काळजी नाही. इंग्रजी अक्षरांचा चिवडा झाला तर आधी फॉन्ट कन्व्हर्टरनं युनिकोड करून घ्यावं लागेल. रूपांतर झालं की रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी स्वतः वाचून तपासा, तिथं हमखास काहीतरी तुटतं. रकमा तर कागदाशीच ताडून बघा.

कधी कधी बिघाड नसतोच, नकार असतो: या विषयावर मदत करता येणार नाही. गोदामातल्या धान्यात सेल्फॉसच्या गोळ्या ठेवतात, त्या दिवशी कामगारांनी आत जाऊ नये म्हणून मला सूचनाफलक लिहायचा होता. मी घाईत लिहिलं, "विषारी गोळ्या कशा टाकायच्या ते लिही." नकार आला, आणि वाक्य परत वाचल्यावर मलाही ते बरं वाटलं नाही. मग लिहिलं, "डाळ गोदामात धुरीकरण होणार आहे, कामगारांच्या सुरक्षेसाठी सूचना तयार कर." लगेच आली. कोण विचारतंय आणि कशासाठी, हे वाक्यात घाला.

लाइटीचा एक प्रकार सांगायचा राहिला. गोदामातल्या जुन्या मशीनवर एका सकाळी साइन इनच होईना, पासवर्ड बरोबर असून. खाली घड्याळाकडं बघितलं तर साल २००९. रात्रभर लाइट नव्हती आणि मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपलेली. तारीख चुकली की सुरक्षित जोडणी होत नाही. तारीख दुरुस्त केली की चालतं, पण बॅटरी बदलली नाही तर पुढच्या वेळी पुन्हा तेच.

आणि संदेश नेटवर टाकून ‘कस्टमर केअर नंबर’ शोधू नका. तिथं वर दिसणारा कुठला नंबर खरा आणि कुठला भामट्याचा, हे वरून ओळखू येत नाही. पलीकडचा माणूस एनीडेस्क (दुसऱ्याला लांबून आपलं मशीन चालवू देणारं अ‍ॅप) उतरवायला सांगायला लागला की फोन ठेवा. आपल्या मशीनवर बँकेचं लॉगिन असतं. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला, म्हणजे सरकारच्या सायबर फसवणूक हेल्पलाइनला, फोन.

पुतण्याला फोन करायची वेळ मलाही येते. आधी मी वहीत लिहून घेते: संदेशातले शब्द जसेच्या तसे, वेळ, फाइलचं नाव, कोणत्या ईमेलनं आत होते, आणि ब्राउझरमध्ये चाललं की नाही. पूर्वी मी नुसतं "चालंना" म्हणायचे आणि तो अर्धा तास हेच प्रश्न विचारायचा.