खाणीच्या छताची वेल्डमेश: ऑर्डर देतानाच होणाऱ्या या चुका टाळा

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून तार उचलायची, रबाळे किंवा तळोजा एमआयडीसीत जाळी वेल्ड करून घ्यायची आणि ट्रक चंद्रपूरकडे सोडायचा. ठाणे-नवी मुंबईतल्या फॅब्रिकेटरला हे काम कंपाउंडच्या जाळीसारखंच वाटतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

खाणीचं छत रूफ बोल्ट (छतात भोक पाडून घट्ट बसवलेले लोखंडी दांडे) धरून ठेवतात. दोन बोल्टांच्या मधला सुटा दगड किंवा कोळसा अडवणं एवढंच जाळीचं काम. त्यामुळे बोल्टच्या मांडणीशी माप न जुळवता घेतलेली जाळी कितीही जाड तारेची असली तरी उपयोगाची नाही.

२.४ मीटरचा मोह

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कोळसा खाणीत ४.८ मीटर रुंदीची गॅलरी, म्हणजे बोगद्यासारखा रस्ता, नेहमीची. हिशेब सोपा वाटतो: २.४ मीटरच्या दोन शीट. पण त्या टोकाला टोक लागतात, एकमेकींवर चढायला जागाच उरत नाही. मग कोणी शहाणपणा करून २.५ मीटरच्या शीट मागवतो. ओव्हरलॅप मिळतो, पण तो येतो बरोबर गॅलरीच्या मधोमध. १.२ मीटर अंतरावर चार बोल्टांची ओळ असेल तर बोल्ट बाजूपासून ०.६, १.८, ३.० आणि ४.२ मीटरवर येतात. मधोमध, २.४ मीटरवर, बोल्टच नाही. म्हणजे जोड नेमका तिथे, जिथे छत सर्वांत जास्त वाकतं आणि जाळीला धरायला काहीच नाही.

त्यापेक्षा ३.१ आणि १.९ मीटरच्या शीट घ्या. २.९ ते ३.१ मीटरमध्ये २०० मिमीचा, म्हणजे जाळीच्या १०० मिमीच्या दोन घरांचा (चौकोनांचा) ओव्हरलॅप येतो आणि ३.० मीटरचा बोल्ट त्याच्या मध्यातून जातो. पुढच्या ओळीत शीट उलट बाजूने लावा, जोड १.८ मीटरच्या बोल्टवर येईल आणि सगळे जोड एका रेषेत पडणार नाहीत. गॅलरीच्या लांबीच्या दिशेने बोल्टांच्या ओळी १.२ मीटरवर असतील तर शीटची रुंदी १.४ मीटर ठेवा.

इथे एक अडचण आहे. २०० मिमीच्या ओव्हरलॅपवर बोल्टची, जाळी छताशी दाबून धरणारी १५० मिमीची प्लेट बसवायची तर बोल्टचं भोक २५ मिमीपेक्षा जास्त सरकलेलं चालत नाही. हाताने धरलेल्या ड्रिलवर एवढी अचूकता रोज मिळत नाही. अशा ठिकाणी तीन घरांचा ओव्हरलॅप धरूनच माप द्या. अर्थात खाणीचा मंजूर सपोर्ट प्लॅन (छत कसं धरायचं याचा आराखडा) वेगळं सांगत असेल तर तोच अंतिम. बोल्टची मांडणी फॅब्रिकेटरने ठरवायची नसते.

गेजमध्ये ऑर्डर देऊ नका

बाजारात तार अजून गेजमध्ये बोलली जाते. पण गेजची मोजमापं एकाहून जास्त आहेत: ६ गेज म्हणजे एसडब्ल्यूजीनुसार (स्टँडर्ड वायर गेज) ४.८८ मिमी, बीडब्ल्यूजीनुसार (बर्मिंगहॅम वायर गेज) ५.१६ मिमी. ८ गेज एसडब्ल्यूजी जेमतेम ४.०६ मिमी. ऑर्डरवर तारेचा व्यास मिलिमीटरमध्येच लिहा. ५ मिमीऐवजी ४.५ मिमी आली तर डोळ्याला फरक कळत नाही, पण तारेचं क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी घटतं.

व्हर्नियर लावाच, पण वजनकाटा जास्त खरं बोलतो. १०० x १०० मिमी घराची, ५ मिमी तारेची ३.१ x १.४ मीटर शीट सुमारे १४ किलो भरते. तीच ४.५ मिमीत साडेअकरा किलोच्या आत. दहा शीट एकदम काट्यावर ठेवा: १४० च्या जागी ११४ दिसले की वाद संपला. वजन गॅल्व्हनायझिंगच्या आधी करा. जस्ताचा ८५ मायक्रॉनचा थर एका शीटवर जवळपास ०.९ किलो चढतो आणि व्हर्नियरवर ०.१७ मिमी वाढवून दाखवतो; बारीक तार त्याआड सहज लपते.

वेल्ड सुटतो कुठे

तारेवर गंज, तेल किंवा खपली असेल, किंवा तांब्याच्या इलेक्ट्रोडला खाच पडली असेल, तर वेल्ड वरवर चिकटतो. एका जोडाचा तुकडा कापून व्हाइसमध्ये धरा आणि आडव्या तारेवर हातोडा मारा. तार स्वच्छ निघून आली तर करंट किंवा दाब कमी पडलाय. जोडाशेजारी मूळ तारच तुटली तर उष्णता जास्त झाली किंवा तार फार दबली. शिफ्टच्या सुरुवातीला आणि इलेक्ट्रोड बदलल्यावर ही चाचणी चुकवू नका.

जीआय (आधीच जस्त चढवलेली) तार आणून वेल्ड केली तर प्रत्येक जोडावरचं जस्त जळतं आणि गंज तिथूनच धरतो. आधी वेल्ड, मग गॅल्व्हनायझिंग. मात्र खाणीचं पाणी आम्लधर्मी असेल तर जस्त फार दिवस टिकत नाही, हे ग्राहकाला आधीच सांगा.

पावसाळ्यात गॅल्व्हनाइज्ड शीट उघड्यावर एकावर एक रचल्या की मध्ये पाणी राहून पांढरी बुरशीसारखी पूड येते. मध्ये लाकडी पट्ट्या घाला, थप्पी थोडी तिरकी ठेवा. फोर्कलिफ्टने वाकवलेली शीट बाजूला काढा. ती छताला कधीच घट्ट बसत नाही.

बसवताना

आधी ड्रेसिंग: सुटे तुकडे बारने पाडल्याशिवाय जाळी लावली तर ते जाळीच्या मागे कायमचे अडकतात. काम नेहमी सपोर्ट झालेल्या, म्हणजे छत आधीच धरलेल्या, भागातून पुढे. शीट मधल्या बोल्टांपासून कडांकडे घट्ट करत जा. कडा आधी आवळल्या तर मध्ये फुगा राहतो. सैल जाळी दगड बराच खाली घसरल्यावरच भार घेते, आणि तोवर तो दगड वेगात असतो.

जाळीला पोट आलं म्हणजे मागे माल साठलाय. पोट वाढत असेल तर आधी ओव्हरमनला (खाणीतल्या त्या भागावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवा, भाग बंद करा, छत पुन्हा तपासून घ्या. माल काढायचा तर सपोर्ट झालेल्या बाजूला उभं राहून, लांब दांड्याच्या कटरने, पोटाच्या खाली न येता. मोकळ्या झालेल्या जागेवर नवीन तुकडा लावताना तो चारही बाजूंनी जुन्या जाळीवर किमान दोन घरं चढवा आणि प्रत्येक कडेला बोल्टची प्लेट येऊ द्या. नुसत्या बाइंडिंग वायरने बांधलेला तुकडा पुढच्या ब्लास्टलाच खाली येतो.