कॅल्क्युलेटरवर ग्रहांचा रेझोनन्स कसा ओळखायचा
ग्रहांच्या फेऱ्यांचे काळ ३:२ सारख्या साध्या प्रमाणात एकमेकांशी बांधले गेले, की तो रेझोनन्स. आधी हे सहा आकडे वहीत घ्या: ९.११४, १३.६७३, २०.५१९, ३०.७९३, ४१.०५८, ५४.७७०. एचडी ११००६७ या ताऱ्याभोवतीच्या सहा ग्रहांना एका फेरीला लागणारे हे दिवस. तारा साधारण १०० प्रकाशवर्षं लांब. या सहा ग्रहांची रेझोनन्सची साखळी जाहीर झाली २०२३ मध्ये.

प्रत्येक आकड्याला आधीच्या आकड्याने भागा. पहिली तीन उत्तरं १.५ ला टेकतात, पुढची दोन १.३३ ला. म्हणजे ३:२ तीनदा, ४:३ दोनदा. अशोक चौकाजवळच्या माझ्या क्लासला निम्मी पोरं पॉवरलूमवाल्यांच्या घरची. शेजारच्या दोन मागांचे ठोके ठरावीक वेळाने एकत्र पडतात, एवढं म्हटलं की त्यांना कळतं. बाकीच्यांनी लसावि आठवावा. फक्त इथे दर भेटीला गुरुत्वाकर्षणाचा हिसका बसतो, तोही कक्षेत त्याच त्या ठिकाणी. त्याने कधी कक्षा बिघडते: लघुग्रहांच्या पट्ट्यात गुरूशी ३:१ ची जागा जवळपास रिकामी आहे. कधी सावरते: प्लूटो नेपच्यूनची कक्षा ओलांडतो, पण ३:२ मुळे दोघांची गाठ पडत नाही.

पण भागाकार जुळला की पोरं लगेच 'रेझोनन्स!' म्हणून मोकळी होतात. थांबा. केपलर दुर्बिणीला सापडलेल्या कितीतरी जोड्या ३:२ किंवा २:१ च्या किंचित पुढे आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच रेझोनन्समध्ये नाहीत. खरी परीक्षा तिघांची.

सराव गुरूच्या चंद्रांवर करा. आयो १.७६९ दिवस, युरोपा ३.५५१, गॅनिमीड ७.१५५. भागाकार येतात २.००७ आणि २.०१५, दोन्ही जरा चुकलेलेच. आता १/१.७६९ मधून ३/३.५५१ वजा करून २/७.१५५ मिळवा:

०.५६५३ − ०.८४४८ + ०.२७९५ = ०

हे लाप्लासचं नातं. जोड्या ढिल्या, तिघं मात्र घट्ट. त्यामुळे तिन्ही चंद्र गुरूच्या एकाच बाजूला एका रेषेत कधीच येत नाहीत. १, ३, २ कुठून आले? पहिली जोडी २:१ च्या जवळची, म्हणून तिचे १ आणि −२, दुसरीचेही तेच. एकातून दुसरं वजा केलं. ३:२, ३:२ असेल तर याच रीतीने २, −५, ३ मिळतात. ते वरच्या पहिल्या तीन ग्रहांना लावून बघा.

अशी साखळी लाखो वर्षं टिकेल का, हे मात्र कॅल्क्युलेटर सांगणार नाही. त्यासाठी कक्षांचा हिशोब छोट्या छोट्या पायऱ्यांनी पुढे नेणारी रिबाउंड ही फुकट पायथॉन लायब्ररी घ्या, वस्तुमानं आणि कक्षा भरा. वेळेची पायरी सगळ्यात आतल्या ग्रहाच्या फेरीच्या विसाव्या भागापेक्षा मोठी नको. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याचा सगळ्यात आतला ग्रह १.५१ दिवसांत फिरतो, तेव्हा तिथे पावणेदोन तास पुरे.