शाळेचं गीत नव्याने करून घ्यायचंय? संगीतकाराकडे जायच्या आधी थोडं

आमच्या शाळेला ५० वर्षं झाली तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी मिळून शाळेचं गीत करून घ्यायचं ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं, कारण काय तर मी लहानपणी चार वर्षं पेटी शिकलोय. गाणं झालं, छानच झालं, फक्त मुलांना ते म्हणता येईना. ध्रुवपदाची दुसरी ओळ थेट तार सप्तकातल्या मध्यमावर, स्टुडिओतल्या गायिकेने ती सहज घेतली आणि इकडे प्रार्थनेला सगळी शाळा त्या जागेवर आली की नुसती किंकाळी. चूक संगीतकारांची नव्हती, हे कोण गाणार आहे ते आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून अजून दोन गाणी करून घेतली, एक सोसायटीच्या गणपतीचं आणि एक पतसंस्थेचं, त्यामुळे आता जरा अक्कल आलीये.

तर पहिल्या भेटीत विषय, भावना, संस्थेचा उज्ज्वल इतिहास वगैरे नंतर सांगा, आधी सांगा की गाणार कोण, कुठे, किती जण आणि साथीला काय. शाळा असेल तर पाचवी ते दहावी एकत्र म्हणणार, म्हणजे आठवी-नववीतल्या मुलांचे आवाज फुटलेले असतात आणि ती खालच्या सप्तकात गातात, हेही बोलून ठेवा. चाल साधारण एका सप्तकात, फार तर वरच्या रे पर्यंत राहिली की सगळ्यांना जमते. पट्टी (म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा) कुठली ते स्टुडिओतल्या गायकावर ठरवू नका, शाळेतल्या बाई ज्या पट्टीत प्रार्थना घेतात ती पेटीवर वाजवून मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि पाठवून द्या. दोन मिनिटांचं काम आहे.

कडवी कमी ठेवा. राज्यगीत म्हणून २०२३ मध्ये ‘जय जय महाराष्ट्र माझा’ घेतलं तेव्हा सुद्धा त्याची दोनच कडवी घेतली, मग आपल्याला पाच कशाला? पण कमिटीतल्या प्रत्येकाला आपापल्या काळातले मुख्याध्यापक गाण्यात हवे असतात, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

शब्द आधी पक्के करा. चाल लागल्यावर ‘ज्ञानमंदिर’ काढून ‘विद्यामंदिर’ घाला म्हणालात की मात्रा बदलते आणि ती ओळ परत बसवावी लागते. जुनी कविता घ्यायचा विचार असेल तर कवीच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, ती पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. केशवसुत १९०५ मध्ये गेले, बालकवी १९१८ मध्ये, त्यांच्या कविता खुल्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगी लागणार.

“आम्हाला अमक्या गाण्यासारखं पाहिजे” हे बोलायचंच असेल तर त्यातलं नक्की काय पाहिजे ते सांगा, लय का, ढोलकी का, कोरस का. नाहीतर त्या बिचाऱ्यांना वाटतं चालच ढापून हवीये.

आता पैसे. चालीचं मानधन, अरेंजरचे (कुठलं वाद्य कुठे काय वाजवणार ते बसवणारा), वादकांचे, गायकांचे, स्टुडिओच्या शिफ्टचे आणि मिक्सिंग-मास्टरिंगचे (रेकॉर्डिंग झाल्यावर सगळे आवाज नीट जुळवण्याचे) पैसे वेगवेगळे लिहून मागा. एकरकमी आकडा ऐकायला बरा वाटतो पण मग बासरी खरी वाजणार की कीबोर्डवर, यावरून शेवटी वाद होतो (आमचा झाला, बासरी कीबोर्डवरच वाजली). आम्ही आता तीन हप्ते करतो, काम देताना, पेटीवर चाल ऐकून पसंत केल्यावर आणि सगळ्या फायली हातात आल्यावर. बदल किती वेळा फुकट ते आधीच ठरवा, दोनदा ठीक आहे. आणि पसंती एकाच माणसाने कळवायची, अकरा जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये संगीतकाराला ॲड करण्यासारखं पाप नाही.

कागदाचं मात्र टाळू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे असं बाहेरून करून घेतलेलं असलं तर चालीचा हक्क मुळात संगीतकाराचा आणि शब्दांचा कवीचा, आपण पैसे दिले म्हणून तो आपोआप आपला होत नाही. हक्क लिहून घ्यायचे तर सहीनिशी, कुठले हक्क, किती वर्षं, कुठल्या भागासाठी आणि मोबदला किती हे सगळं त्यात यायला हवं. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षंच धरतात आणि भाग लिहिला नाही तर फक्त भारत, आणि आमचे निम्मे माजी विद्यार्थी न्यू जर्सीत बसून गाणं यूट्यूबवर टाकणारे. खरं सांगू का, “सगळे हक्क कायमचे आमचे” असा हट्ट शाळेने धरायची गरजच नसते. कार्यक्रमात म्हणायचं, रेकॉर्ड करायचं, नेटवर टाकायचं आणि नंतर दुसऱ्याकडून नवीन रेकॉर्डिंग करून घ्यायचं, एवढी कायमची लेखी परवानगी आम्हाला पुरली, आणि संगीतकारही खूश कारण चाल त्यांचीच राहिली. कवी आणि गायकांच्या सह्याही त्याच दिवशी घ्या, नंतर माणसं सापडत नाहीत. तयार लूप (आधीच रेकॉर्ड केलेले ताल-वाद्यांचे तुकडे) वापरले असतील तर त्याचं लायसन्स आहे का विचारून ठेवा, नाहीतर यूट्यूबवर दुसऱ्याचा कॉपीराइटचा क्लेम येतो.

शेवटी हातात काय काय यायला हवं: फायनल गाणं वेव फाइलमध्ये, गायन काढलेला मायनस ट्रॅक, नुसत्या पेटीवर सावकाश गायलेली चाल (मुलांना शिकवायला हीच लागते, बाकी सगळं कौतुकाला), स्वरलिपी, आणि प्रत्येक वाद्याचे सुटे ट्रॅक. पहिल्या वेळी आम्ही सुटे ट्रॅक मागितले नाहीत आणि वर्षभराने पट्टी उतरवायला गेलो तर स्टुडिओवाले म्हणाले हार्ड डिस्क उडाली. तेव्हा पेनड्राइव्ह एक शाळेच्या कपाटात आणि एक तुमच्या घरी.